जुनी पिकअप ऑइल खाते तेव्हा : कोकणातल्या नव्या मालकांसाठी क्रमवार तपासणी

जुनी डिझेल पिकअप विकत घेतल्यानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ऑइलची पट्टी बाहेर काढावी आणि पातळी खालच्या खुणेला टेकलेली दिसावी, हा अनुभव अनेक नव्या मालकांना येतो. अशा वेळी चौकशी केली की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : ‘रिंगा गेल्या, इंजिन खोलावे लागेल.’ रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, जी ऑइल वर सिलिंडरमध्ये जाऊ देत नाहीत. हे उत्तर पुष्कळदा खरे असते, परंतु ते तपासणीच्या शेवटी यायला हवे, सुरुवातीला नव्हे. रिंगा झिजल्या असतील तर त्या का झिजल्या हे कळल्याशिवाय नव्या बसवणे म्हणजे तोच खर्च वर्षभरात पुन्हा ओढवून घेणे होय.

इंजिनातले ऑइल चार वाटांनी कमी होते. ते बाहेर गळते, सिलिंडरमध्ये शिरून डिझेलबरोबर जळते, ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या, नळीतून वाफेच्या आणि तुषारांच्या रूपाने हवेच्या वाटेत जाते, किंवा क्वचित रेडिएटरच्या पाण्यात मिसळते. यांपैकी पहिली आणि तिसरी वाट तपासायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून तपासणी बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे करत जावी. किनारपट्टीवर त्यात आणखी दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते : लोखंड खाणारी खारी हवा आणि जांभ्याची तांबडी धूळ. घाटावरच्या गाडीला लागू पडणारा सल्ला इथे जसाच्या तसा पुरत नाही तो याच दोन कारणांमुळे.

आधी मोजमाप

‘गाडी ऑइल खाते’ हे वाक्य निदानाच्या उपयोगाचे नाही. किती किलोमीटरला किती मिलिलिटर, हा आकडा हाती आला की अर्धे काम झाले. त्यासाठी प्रथम ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत. विक्रेत्याने गाडी देण्यापूर्वी धूर लपवण्यासाठी जाड ऑइल किंवा धूर कमी करणारे एखादे रसायन ओतलेले असण्याची शक्यता नेहमी गृहीत धरावी, कारण ते काढून टाकेपर्यंत आपण जे मोजू ते खोटेच असेल. नवीन ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घ्यावे. जुन्या साध्या डिझेल इंजिनांना बहुधा १५डब्ल्यू-४० जाडीचे ऑइल चालते, परंतु १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ नियमांनुसार बनलेल्या आणि सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असलेल्या गाड्यांना कमी राख सोडणारे वेगळ्या प्रतीचे ऑइल लागते आणि तिथे तडजोड करता येत नाही. डबा सीलबंद आणि खात्रीच्या दुकानातलाच असावा.

ऑइल भरताना पट्टीच्या दोन खुणांमधले अंतर म्हणजे नेमके किती ऑइल, हे एकदाच मोजून ठेवावे. खालच्या खुणेपर्यंत ऑइल आले की थांबावे आणि तिथून वरच्या खुणेपर्यंत मोजपात्राने ओतत जावे. बऱ्याच इंजिनांत हे अंतर एक लिटरच्या आसपास असते, परंतु प्रत्येक इंजिनाचे वेगळे असल्याने आपल्या गाडीचा आकडा वहीत लिहावा. वरच्या खुणेच्या वर मात्र मुळीच भरू नये. जास्त भरलेले ऑइल क्रँकच्या फिरण्याने फेसाळते, ब्रीदरमधून बाहेर फेकले जाते आणि मग गाडी ऑइल खाते असा भास निर्माण होतो. ‘थोडे जास्तच असू दे’ या भावनेने केलेली ही चूक नवख्या मालकांत फार आढळते.

पातळी नेहमी एकाच जागी, सपाट जमिनीवर आणि सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी बघावी. कोकणातली अंगणे आणि खळी बहुधा उताराची असतात आणि चढावर उभ्या केलेल्या गाडीची पट्टी चुकीचे सांगते, म्हणून देवळासमोरची किंवा पेट्रोल पंपावरची एखादी सपाट जागा ठरवून टाकणे बरे. दर ३०० किलोमीटरला पातळी, घातलेले ऑइल, भरलेले डिझेल आणि त्या दिवसांतला भार यांची नोंद करावी. रत्नागिरीहून वाशीला आंब्याच्या पेट्या घेऊन जाणारी गाडी एका फेरीत जाऊन-येऊन साधारण साडेसहाशे किलोमीटर धावते, म्हणजे दोन फेऱ्यांत विश्वासार्ह आकडा मिळतो. गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीला महिनाभर लागेल, तरीही एक हजार किलोमीटर पूर्ण होईपर्यंत निष्कर्ष काढू नये.

आता किती म्हणजे जास्त? प्रत्येक उत्पादकाची मर्यादा वेगळी असते आणि काही जण हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप मान्य करतात. माझ्या मते जुन्या पिकअपसाठी डिझेलच्या खपाशी तुलना करणे अधिक न्याय्य आहे, कारण घाटात भार ओढणाऱ्या इंजिनाचे डिझेलही जास्त जाते आणि ऑइलही. ढोबळ हिशेबाने ऑइलचा खप डिझेलच्या ०.३ टक्क्यांपर्यंत असेल तर चिंता नसावी. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी हजार किलोमीटरला सुमारे ८३ लिटर डिझेल घेते, त्याचे ०.३ टक्के म्हणजे जवळजवळ पाव लिटर ऑइल. अर्ध्या लिटरच्या पुढे गेले की कारण शोधायला लागावे आणि एक लिटरच्या पुढे गेले तर मोठ्या भाड्याला गाडी नेऊ नये.

मोजमाप करताना एक फसवी शक्यता लक्षात ठेवावी. नॉझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, गळत असेल, किंवा डीपीएफ असलेली गाडी सतत छोट्या अंतरावरच चालत असेल, तर न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. अशा गाडीत एका बाजूने ऑइल जळत असते आणि दुसऱ्या बाजूने डिझेल त्याची जागा घेत असते, त्यामुळे पट्टीवरची पातळी स्थिर किंवा वाढलेलीही दिसते. पट्टीला डिझेलचा वास येणे आणि ऑइल बोटांवर पाण्यासारखे पातळ लागणे ही त्याची खूण. असे आढळल्यास इतर सर्व तपासण्या बाजूला ठेवून आधी नॉझल तपासून घ्यावेत, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे जे नुकसान करते ते रिंगांच्या दुरुस्तीपेक्षा महाग पडते.

बाहेरची गळती

ढोबळमानाने ऑइलचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर धरले, तर दर पन्नास मीटरला पडणारा एक थेंब हजार किलोमीटरमध्ये एक लिटर ऑइल संपवतो. हा हिशेब नवख्या माणसाने स्वतः करून बघावा, कारण ‘एवढ्याशा थेंबाने काय होणार’ असे म्हणून गळतीकडे दुर्लक्ष केले जाते आणि दोष रिंगांवर जातो.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरणे हा पहिला उपाय आहेच, परंतु तो पुरेसा नाही. अनेक गळत्या इंजिन चालू असताना, ऑइलला दाब आल्यावरच सुरू होतात, आणि आपल्याकडे गाडीच्या तळाशी चिकटलेला तांबड्या मातीचा थर ते ऑइल शोषून घेतो, त्यामुळे जमिनीवर थेंब पडतच नाही. म्हणून आधी इंजिन थंड असताना, डायनामो आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकने झाकून, इंजिनाची खालची बाजू डिग्रीझरने स्वच्छ धुवावी आणि पूर्ण सुकू द्यावी. संशयित जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवावी, चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालवावी आणि मग टॉर्च घेऊन बघावे. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ लगेच उठून दिसते. चालत्या गाडीत वारा ऑइल मागे ढकलतो आणि ते खाली ओघळते, म्हणून जिथे सर्वांत जास्त चिकटा दिसतो तिथे दोष असेलच असे नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा हे उगमस्थान मानावे.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशरचा स्विच, पुढच्या पुलीमागचे सील आणि गिअरबॉक्सला लागून असलेले क्रँकचे मागचे सील या नेहमीच्या जागा आहेत. अनेक जुन्या डिझेल पिकअपमध्ये ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या मागे बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाचेच ऑइल पुरवले जाते. त्याच्या नळ्या कडक होऊन तडकल्या किंवा त्याचे सील गेले, तर ऑइल बाहेर किंवा डायनामोच्या आत शिरते. चार्जिंगची तक्रार आणि ऑइलची तक्रार एकाच वेळी सुरू झाली असेल, तर सर्वांत आधी इथे बघावे.

किनाऱ्यावरच्या गाडीचे चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचे ऑइल साठवणारे पत्र्याचे भांडे, विशेष काळजीपूर्वक तपासावे. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावर मासळी वाहिलेल्या गाडीच्या हौद्यातून बर्फाचे खारट पाणी वर्षानुवर्षे चॅसीवर आणि चेंबरवर ठिबकत राहते. खारे पाणी आणि चिखल यांचा लेप बसला की आतून ऑइल असलेला पत्रादेखील बाहेरून पापुद्रे सुटेपर्यंत गंजतो. तारेच्या ब्रशने हलकेच घासून पाहावे, पापुद्र्यांखाली सुईएवढी भोके सापडू शकतात. हातोडीने ठोकून परीक्षा घेऊ नये, वाटेत तसे भोक पडण्याचा धोका आपणच वाढवतो. असे चेंबर लांबी भरून किंवा डाग मारून चालवण्यापेक्षा बदलणे शहाणपणाचे आहे, कारण कुंभार्ली किंवा आंबा घाटाच्या मध्यावर ते फुटले तर सर्व ऑइल मिनिटभरात रस्त्यावर येते.

ब्रीदर आणि पाणी

या दोन तपासण्या थोडक्यात आटोपतात. टॅपेट कव्हरवरून निघून हवेच्या नळीला जोडलेली ब्रीदरची नळी काढावी आणि ती आतून चिखलासारख्या काळ्या गाळाने तुंबली आहे का ते बघावे. तुंबलेल्या ब्रीदरमुळे इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि तो चांगल्या सीलांमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. तीन-चार ठिकाणांहून एकदम गळती सुरू झाली असेल तर सगळी सीले बदलण्याआधी ही नळी साफ करून बघावी.

रेडिएटरच्या टाकीत तेलाचा तवंग, किंवा ऑइलला दुधाच्या चहासारखा रंग, ही ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट गेल्याची चिन्हे आहेत आणि त्या अवस्थेत गाडी चालवू नये. पावसाळ्यात मात्र ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडासा पिवळट फेस जमलेला दिसला, आणि पट्टीवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. दमट हवेत जवळच्या जवळ चालणाऱ्या गाडीत वाफ साठून असे होते आणि एक लांब फेरी झाली की ते नाहीसे होते.

हवेची वाट : कोकणातला खरा गुन्हेगार

मला या लेखात सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते इथे. एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी, तिच्या क्लिपा आणि फिल्टरच्या पेटीचे झाकण यांच्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत, आणि आपल्याकडच्या बहुतेक इंजिनांचे अकाली म्हातारपण याच वाटेने आलेले असते, असे माझे निरीक्षण आहे.

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, नसलेले अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असताना साधारण अडीच हजार लिटर हवा ओढते, टर्बो असेल तर त्याहून अधिक. ही हवा चिऱ्याच्या खाणीतून, कातळावरच्या कच्च्या रस्त्यावरून किंवा चौपदरीकरणाच्या कामातल्या महामार्गावरून येत असेल, तर तिच्यात काय असते ते गाडीच्या काचेवर बोट फिरवले तरी दिसते. फिल्टरनंतरच्या नळीला अंगठ्याच्या नखाएवढी जरी चीर असली, तरी ही धूळ न गाळता सिलिंडरमध्ये जाते, ऑइलच्या पापुद्र्यात मिसळून पॉलिशपेपरसारखे काम करते आणि सर्वांत वरची रिंग व सिलिंडरचा वरचा भाग झपाट्याने झिजवते.

तपासणी साधी आहे. फिल्टर आणि टर्बो किंवा इनटेक (इंजिनाचे हवा आत घेणारे तोंड) यांच्यामधली नळी सोडवावी, बोटाला स्वच्छ पांढरे फडके गुंडाळावे आणि नळीच्या आतून फिरवावे. ब्रीदरमुळे आलेला थोडा तेलकटपणा चालेल, परंतु फडक्यावर तांबूस छटा उमटली तर धूळ आत जात आहे, यात शंका घेऊ नये. मग नळी वाकवून तिच्या खालच्या बाजूच्या घड्या बघाव्यात, चिरा नेहमी तिथेच आणि नजरेआड पडतात. क्लिपा गंजून सैल झाल्या असतील तर स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. फिल्टरच्या पेटीच्या झाकणाचे रबर जागेवर आहे का, आणि एखादी क्लिप तुटल्यामुळे झाकण सुतळीने बांधलेले तर नाही ना, हेही पाहावे. फिल्टरचा कागद कॉम्प्रेसरच्या पूर्ण दाबाने साफ करण्याची सवय सोडून द्यावी, कारण त्याने कागदात न दिसणारी छिद्रे पडतात. धुळीत चालणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर बदलणे हाच खरा उपाय आहे.

मी घेतलेली पहिली पिकअप पूर्वी खाणीवरून चिरे वाहत असे. आधीच्या मालकाने वर्षभरापूर्वीच रिंगा बदललेल्या होत्या आणि त्याचे बिलही दाखवले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. पहिल्या हजार किलोमीटरला तिने सातशे मिलिलिटर ऑइल घेतले. गळती कुठेच सापडली नाही. शेवटी नळी सोडवली तेव्हा खालच्या घडीत दोन बोटे जातील एवढी चीर निघाली आणि आतली बाजू गेरू लावल्यासारखी लाल होती. ज्या गॅरेजने रिंगा बदलल्या त्याने नळीकडे पाहिले नव्हते आणि नव्या रिंगा एका मोसमात जुन्या झाल्या होत्या. काही शे रुपयांच्या नळीपायी इंजिनाचे काम दोनदा करावे लागले. तेव्हापासून कोणतीही गाडी बघायला गेलो की पांढरे फडके खिशात असते.

धुराची भाषा

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी आहे, आणि पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाण्याची वाफ आहे. पहाटे थंड इंजिनाचा करडा-पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो, तर ऑइलच्या धुराला करपल्यासारखा दर्प येतो. निळा धूर सकाळच्या कोवळ्या उन्हात, सायलेन्सरमागे गडद रंगाची भिंत असताना, सर्वांत स्पष्ट दिसतो. ढगाळ हवेत त्याच्यावर मत बनवू नये. डीपीएफ असलेल्या गाडीत मात्र धूर बहुधा दिसत नाही, म्हणून तिथे वहीतला आकडा हाच पुरावा मानावा.

धूर कधी येतो, हे त्याच्या रंगाइतकेच महत्त्वाचे आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू करताना निळा लोट निघून मिनिटभरात धूर बंद होत असेल, तर व्हॉल्व सील किंवा व्हॉल्व गाइड (सिलिंडरच्या झडपांची सीले आणि त्या ज्यांतून सरकतात त्या नळ्या) झिजून रात्रीत ऑइल झिरपले, असा बहुधा अर्थ होतो. भार घेऊन घाट चढताना सतत निळा धूर येत असेल तर रोख रिंगा आणि सिलिंडरकडे जातो. बराच वेळ गाडी जागेवर चालू ठेवल्यावर आणि मग रेस दिल्यावर निळा ढग निघाला तर टर्बोचा संशय घ्यावा. उतारावर गाडी गिअरमध्ये सोडून पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारा धूर व्हॉल्व सीलांचा, असे जे सांगितले जाते ते मुख्यतः पेट्रोल आणि सीएनजी इंजिनांबाबत खरे आहे, कारण त्यांच्यात थ्रॉटल बंद झाल्यावर इनटेकमध्ये मोठी पोकळी निर्माण होते. साध्या डिझेल इंजिनात तशी पोकळी होत नसल्याने या एका चाचणीवरून हेड उतरवण्याचा निर्णय घेऊ नये.

टर्बो

इंजिन थंड असताना टर्बोची हवेकडची नळी काढावी आणि आतले पाते बोटांनी धरून हलवून बघावे. ते आडवे किंचित हलले तर बहुधा ठीक आहे, कारण चालू असताना ऑइलचा पापुद्रा ती जागा भरून काढतो. परंतु ते आत-बाहेर जाणवण्याइतके सरकले किंवा पात्याच्या कडा कवचाला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो संपला आहे. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, नळीत तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे, पण नळी उतरवल्यावर वाटीभर ऑइल ओघळले तर ते स्वाभाविक नाही. इथेही टर्बो बदलण्यापूर्वी दोन गोष्टी बघाव्यात : टर्बोतून ऑइल परत चेंबरकडे आणणारी नळी तुंबलेली नाही ना, आणि एअर फिल्टर इतका चोंदलेला नाही ना की टर्बो स्वतःच्याच सीलमधून ऑइल ओढून घेतो आहे.

टर्बोतून भरपूर ऑइल हवेच्या वाटेत जाऊ लागले तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालू लागते, आपोआप वेग घेते आणि चावी काढली तरी थांबत नाही. असे प्रसंग क्वचित घडतात, पण काय करायचे ते आधीच ठाऊक असावे. चालकाच्या जागेवर असाल तर पूर्ण ब्रेक दाबून धरावा, सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. बाहेर उभे असाल तर जवळ जाऊ नये, आणि हवेच्या तोंडावर हात तर कधीच ठेवू नये.

इंजिनाच्या पोटातला दाब

रिंगांमधून खाली निसटणाऱ्या वायूला आपल्याकडचे मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. इंजिन गरम झाल्यावर, जागेवर चालू असताना, ऑइल भरण्याचे झाकण काढून उलटे करून तोंडावर नुसते ठेवावे. ते थरथरले तर बहुधा काही बिघडलेले नाही. ते उडून पडले, किंवा तोंडातून धूर भकाभका येऊ लागला, किंवा चालत्या गाडीत ऑइलची पट्टी आपोआप वर येते असे आढळले, तर रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत किंवा रिंगा काजळीने अडकल्या आहेत. ही चाचणी ब्रीदर साफ केल्यानंतरच करावी, नाहीतर तिचा निकाल फसवा ठरतो.

त्यानंतरची पायरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजण्याची. डिझेल इंजिनाचे गेज वेगळे असते आणि ते हिटर प्लगच्या किंवा नॉझलच्या जागी बसवले जाते. योग्य आकडा पुस्तिकेत दिलेला असतो, परंतु नवख्या मालकाने एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधल्या फरकाकडे जास्त लक्ष द्यावे. चारही सिलिंडर सारखेच थोडे कमी असतील तर ते वयाचे लक्षण आहे. एकच सिलिंडर बराच खाली असेल तर एखादी तुटलेली रिंग, चरा पडलेला लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) किंवा व्हॉल्व यांचा विचार करावा लागतो. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजण्याची पद्धत आहे, ती डिझेल इंजिनावर करू देऊ नये. डिझेलमध्ये पिस्टनच्या डोक्यावर जागाच इतकी कमी उरते की ऑइलमुळे आकडा खोटा चढतो आणि प्रमाण चुकले तर कनेक्टिंग रॉड वाकण्याचीही भीती असते. त्याऐवजी सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते हे ऐकणारी लीक-डाउन चाचणी करणारा कोणी मिळाला तर अवश्य करून घ्यावी. हवा ऑइलच्या तोंडातून फुसफुसली तर दोष रिंगांचा, सायलेन्सरमधून किंवा इनटेकमधून आली तर व्हॉल्वचा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केटचा.

जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण आणि महाड परिसरात असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. त्यापूर्वी नोंदणी झालेली आणि त्या भागात वापरलेली गाडी असेल तर विम्याचे जुने कागद मागावेत, सीटखालच्या पट्ट्यांमागे आणि डॅशबोर्डच्या आत गाळ शोधावा. सिलिंडरमध्ये पाणी शिरून गंजलेल्या रिंगा आणि किंचित वाकलेले रॉड वरच्या चाचण्यांत नेहमीच सरळ दिसत नाहीत, ते कधी कधी न उलगडणाऱ्या ऑइलच्या खपातूनच कळतात.

खोलायचे की नाही

खप हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या आत आहे, बॅक कॉम्प्रेशन नाही आणि हवेची वाट आता घट्ट आहे, अशा गाडीचे इंजिन खोलण्याची घाई करू नये. विशेषतः पावसाळ्यात मासेमारी बंद असताना महिनोन्महिने उभी राहिलेली, किंवा ऑइल वेळेवर न बदललेली गाडी असेल, तर तिच्या रिंगा काजळीने अडकलेल्या असू शकतात. योग्य ऑइल घालून, पाच हजार किलोमीटरलाच ते बदलून, आणि मधूनमधून भारासह लांब फेरी करून त्या पुष्कळदा मोकळ्या होतात. दोन वेळा ऑइल बदलेपर्यंत वहीतला आकडा उतरतो का ते पाहावे. तोवर घाटात जाण्यापूर्वी पातळी वरच्या खुणेजवळ ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण उभ्या चढावर चेंबरातले ऑइल मागे सरकते आणि पातळी कमी असेल तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. फोंडा घाटाच्या वळणावर प्रेशरचा लाल दिवा क्षणभर जरी लुकलुकला, तरी गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

खोलायचे ठरलेच, तर लेथवाल्याकडून सिलिंडरचे माप वरून खालपर्यंत आणि दोन्ही दिशांनी घेतल्याशिवाय सामान आणू नये. सिलिंडर वर रुंद आणि खाली अरुंद झाला असेल, किंवा त्याची गोलाई गेली असेल, तर त्यात नुसत्या नव्या रिंगा घालण्याचे ‘हाफ इंजिन’ हे पैसे वाया घालवणे आहे, तिथे लायनर-पिस्टनच बदलावे लागतात. हेड उतरलेलेच आहे तर व्हॉल्व गाइड आणि सील त्याच वेळी करून घ्यावेत. काढलेल्या रिंगा, पिस्टन आणि जुने सामान परत मागून घ्यावे आणि स्वतः बघावे. वरची रिंग खालच्या रिंगांपेक्षा फारच पातळ झालेली दिसली तर पुन्हा एकदा हवेच्या नळीकडे जावे. काढलेले काळे ऑइल डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे, व्हाळात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नये, कारण त्याच व्हाळाचे पाणी पुढे खाडीत जाते.

नव्या रिंगा बसायला साधारण दीड ते दोन हजार किलोमीटर लागतात आणि त्या काळात ऑइलचा खप थोडा जास्त असणे स्वाभाविक आहे. या दिवसांत गाडी पूर्ण भाराने रेटू नये, पण जागेवर ताटकळत चालूही ठेवू नये, कारण रिंगा बसण्यासाठी मध्यम भाराची गरज असते. पहिले ऑइल आणि फिल्टर हजार किलोमीटरला बदलावेत, पातळी वरच्या खुणेला आणावी आणि त्याच सपाट जागेवर, त्याच वहीत, नव्या पानावर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी.